तीन गाठींची दोरी आणि वसईचा गोन्सालो

वसईत कुणाचा मुलगा ‘फादर व्हायला गेला’ असं म्हणताना आपण दोन वेगळ्या वाटा एकाच शब्दात गुंडाळतो. धर्मप्रांताचा धर्मगुरू आपल्या बिशपांना ब्रह्मचर्याचं आणि आज्ञापालनाचं वचन देतो. व्रतस्थ संघात जाणारा माणूस, मग तो येशूसंघीय (जेझुइट) असो, फ्रान्सिस्कन असो की सालेशियन, दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतो. त्यासाठी त्याने धर्मगुरू व्हायलाच हवं असं नाही. ब्रदर म्हणून उभा जन्म काढणाराही तितकाच व्रतस्थ. वसईचा संत गोन्सालो गार्सिया असाच ब्रदर होता. आपल्याकडे ही व्रतं कुणाला घेऊ दिली आणि कुणाला दारातूनच परत पाठवलं, हे समजून घ्यायचं तर त्याच्यापासूनच सुरुवात करायला हवी. पण त्याआधी ते दार कसं होतं ते पाहू.

मठाचं दार सहजासहजी उघडू नये, हा दंडक फार जुना आहे. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांसाठी नियम लिहिला. त्याच्या 58व्या प्रकरणात येणाऱ्याची परीक्षा कशी घ्यायची ते बारकाईने सांगितलंय. त्याने चार-पाच दिवस दार ठोठावत राहावं, वाट्याला येणारी अवहेलना सोसावी, मगच त्याला आत घ्यावं. पुढे वर्षभरात तीनदा सगळा नियम त्याला वाचून दाखवायचा आणि प्रत्येक वेळी सांगायचं, झेपत असेल तर राहा, नाहीतर मोकळ्या मनाने जा. शेवटी तो आपलं वचन लेखी देतो आणि तो कागद स्वतःच्या हाताने वेदीवर ठेवतो. त्याच्या अंगावरचे कपडे काढून मठाचे कपडे दिले जातात. जुने कपडे मात्र टाकून द्यायचे नाहीत, जपून ठेवायचे. उद्या त्याने मठ सोडलाच तर तेच घालून तो बाहेर पडेल. जन्मभराचं वचन घेताना माणसाच्या परतीच्या कपड्यांचीही काळजी वाहणारी ही दृष्टी मला फार मोलाची वाटते.

फ्रान्सिस्कनांच्या सुरुवातीच्या काळात माणसं आज आली की आजच संघात, असं चालत असे. 1220 साली पोपने त्यांनाही एक वर्षाच्या उमेदवारीची अट घातली. त्यांच्या कमरेच्या दोरीला तीन गाठी असतात, एकेका व्रताची एकेक. 1563 साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने सगळ्याच संघांना किमान एक वर्षाची उमेदवारी आणि व्रत घेताना किमान 16 वर्षांचं वय बंधनकारक केलं. आजच्या चर्चच्या कायद्यात उमेदवारी 17व्या वर्षाआधी सुरू होत नाही. ती किमान बारा महिन्यांची असते. त्यानंतर निदान तीन वर्षं तात्पुरती व्रतं आणि 21 वर्षं पूर्ण झाल्यावर कायमची, असा साधारण क्रम आहे.

येशूसंघाची सुरुवातच व्रतांनी झाली. 15 ऑगस्ट 1534 रोजी पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर इग्नेशियस लोयोला आणि त्याच्या सहा सोबत्यांनी दारिद्र्याचं, ब्रह्मचर्याचं आणि जेरुसलेमला जाण्याचं व्रत घेतलं. त्यांच्यातला फ्रान्सिस झेवियर. संघाला 1540 साली पोपची मान्यता मिळाली आणि 1542 च्या मे महिन्यात झेवियर गोव्यात उतरला. या संघात व्रतं घेताना उमेदवार पवित्र भाकरीसमोर गुडघे टेकून शब्द उच्चारतो आणि लगेच ती स्वीकारतो.

वसईत फ्रान्सिस्कन आणि येशूसंघीय दोघेही पोहोचले तो हाच काळ. 1557 च्या सुमारास इथे गोन्सालो जन्मला. बाप पोर्तुगीज, आई कोकणातली. येशूसंघीयांच्या शाळेत वाढला आणि पंधराएक वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला. जपानी उत्तम शिकला, आठेक वर्षं धर्मशिक्षक म्हणून राबला. मन एकाच गोष्टीत होतं: येशूसंघात जायचं. विनवण्या करूनही त्याला घेतलं नाही. आई इथली होती म्हणून, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तो व्यापारात पडला, त्यात जम बसला, तरी मन रमलं नाही. शेवटी मनिलात फ्रान्सिस्कनांनी त्याला ब्रदर म्हणून घेतलं. कमरेला तीन गाठींची दोरी आली. 1593 साली फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांच्या सोबत दुभाषा म्हणून तो जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारात उभा राहिला.

5 फेब्रुवारी 1597 रोजी त्याच हिदेयोशीच्या हुकमाने नागासाकीच्या टेकडीवर 26 ख्रिस्ती माणसांना क्रुसावर चढवलं. गोन्सालो त्यांच्यात होता. तिथेच तीन जपानी येशूसंघीय होते. त्यांतल्या दोघांना त्याच सकाळी संघाची व्रतं घेता आली. ज्या संघासाठी गोन्सालोने आपली उमेदीची वर्षं दिली, त्याच संघाची व्रतं त्याच्यासोबत क्रुसावर चढलेल्या त्या दोघांना मिळाली. मृत्यू सगळ्यांना एकच आला. हा प्रसंग वाचताना मला दर वेळी गलबलून येतं.

हा योगायोग नव्हता. 1574 साली गोव्यात आलेले येशूसंघाचे पाहणी-अधिकारी आलेस्सांद्रो वालिन्यानो जपान्यांना संघात घ्यावं या मताचे होते. भारतीयांना आणि मिश्र रक्ताच्या माणसांना घेऊ नये, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. 1593 साली संघाने ज्यू वंशाच्या माणसांनाही दार बंद केलं. कोल्लमकडचा ब्राह्मण पेद्रो लुईस 1561 साली संघात घेतला गेला होता. पण 1773 साली पोपने संघ बरखास्त करेपर्यंत तो एकटाच भारतीय येशूसंघीय राहिला. दोनशेहून अधिक वर्षांत एक माणूस!

याच काळात येशूसंघाचे फादर स्टीफन्स गोव्यातल्या साष्टीत राहत होते. इंग्लंडमध्ये जन्मलेले, 1575 साली रोममध्ये संघात गेलेले, 1579 साली गोव्यात आलेले. 1616 साली राशोल इथे छापलेल्या त्यांच्या ख्रिस्तपुराणाने मराठीवर केवढे उपकार केले, ते वेगळं सांगायला नको. पण त्या ओव्या ज्यांच्यासाठी रचल्या, त्या साष्टीकरांच्या मुलांना फादर स्टीफन्सांच्या संघात जागा नव्हती. त्यांचं मराठीवरचं प्रेम खरं होतं, आणि हा भेदही तितकाच खरा होता.

गोवेकर धर्मगुरू होऊ शकत, व्रतस्थ संघ मात्र त्यांना घेत नसत. म्हणून जुन्या गोव्यात काही स्थानिक धर्मगुरूंनी एकत्र राहायला सुरुवात केली. 1685 साली बाणावलीत जन्मलेले जुझे वाझ त्यांना येऊन मिळाले आणि त्या मंडळाला ओरेटरीचं रूप आलं. ओरेटरीत व्रतं नसतात, सोबत राहणं प्रेमावर चालतं. याच जुझे वाझांनी पुढे डच अमलाखालच्या श्रीलंकेत छपून कॅथलिक समाज जगवला. 2015 साली कोलंबोत त्यांना संतपद मिळालं. मात्र या ओरेटरीतही ब्राह्मण घराण्यांतलेच घेत. चारडो, म्हणजे गोव्यातल्या ख्रिस्ती क्षत्रिय समाजाच्या धर्मगुरूंनी मग चिंबलला कार्मेलाइटांचा वेगळा मठ उभा केला. गोऱ्यांनी केलेला भेद आपण आपल्या जातीच्या मापाने पुन्हा शिवून घेतला.

पुढे ती दारंच उरली नाहीत. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तिथले मठ ओस पडले. पोर्तुगालने 1834 साली पुरुषांचे व्रतस्थ संघ बंद केले आणि पुढच्याच वर्षी गोव्यातही ते बंद झाले. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिन चर्चचं छत त्यानंतर सातच वर्षांत कोसळलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला येशूसंघीय मुंबईत परत आले, ते बदलत्या जगात. 1887 साली गोव्यातच, आगोंदला, पिलार या धर्मप्रचारकांच्या संस्थेची सुरुवात झाली. 1955 साली श्रीलंकेतल्या कँडीची पोपची सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारं विद्यालय, पुण्यात आली. आज येशूसंघीयांची सगळ्यात मोठी संख्या भारतात आहे. मराठी आणि कोकणी घरांतले कितीतरी तरुण त्यात आहेत.

गोन्सालो 1862 साली संत म्हणून जाहीर झाला. वसईच्या किल्ल्यात पडझड झालेल्या मठांच्या भिंतींमध्ये येशूसंघीयांचं जुनं चर्च डागडुजी होऊन उभं आहे. तिथे आजही मिस्सा होते. गावातली माणसं त्या चर्चला संत गोन्सालो गार्सियाच्या नावाने ओळखतात.