प्रजाती वितरण मॉडेल (एसडीएम)

एखादा प्राणी, पक्षी किंवा झाड कुठे सापडतं आणि तिथेच का सापडतं हे थोड्याफार नोंदींवरून आकडेमोड करून काढायची पद्धत म्हणजे प्रजाती वितरण मॉडेल, बोलताना सगळे एसडीएमच म्हणतात. नोंदींचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, त्या जागांचा पाऊस, तापमान, उंची, जंगलाची दाटी जोडायची, मग तशाच जागा आणखी कुठे आहेत ते मॉडेल नकाशावर रंगवून देतं. १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियात बायोक्लिम नावाची साधी पद्धत निघाली, पुढे रिग्रेशनचे (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यात मांडायचे) प्रकार आले आणि २००६ ला मॅक्सएंट नावाची पद्धत आली, ती लोकांनी उचलून धरली कारण तिला "इथे सापडला" एवढ्याच नोंदी पुरतात, "इथे नव्हता" हे कोण लिहून ठेवतं?

पण नोंदच खोटी असली तर? रानपिंगळ्याचं, म्हणजे जंगलातल्या एका छोट्या घुबडाचं, तेच झालं. १८८४ नंतर खात्रीचा नमुनाच (संग्रहालयात जपलेला मेलेला पक्षी) नव्हता, फक्त एक १९१४ चा, गुजरातमधल्या मांडवीचा, मायनर्टझागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याचा. तो निघाला संग्रहालयातून चोरून नवं लेबल चिकटवलेला जुनाच पक्षी! हे कळल्यावर पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी मांडवीचा नाद सोडून जुन्या खऱ्या नमुन्यांच्या जागा धरल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. नंतर २०१४ ला तो ठाणे जिल्ह्यात तानसा अभयारण्यातही सापडला. आता फक्त सातपुड्याच्या नोंदी घालून काढलेल्या नकाशात तानसा रंगलं असतं का, मला शंकाच आहे. शिवाय नोंदी रस्त्याच्या कडेने आणि पक्षीनिरीक्षक जातात तिथूनच जास्त येतात, म्हणजे नकाशा कधीकधी पक्ष्याचा कमी आणि माणसांचा जास्त होतो.

दुसरी भानगड म्हणजे दिसला नाही म्हणजे नाहीच असं नसतं. समजा प्राणी तिथे असताना एका फेरीत तो आढळायची शक्यता ४० टक्के, तर तीन फेऱ्या मारूनही साधारण २२ टक्के वेळा तो हुकतोच. म्हणून एकाच जागी पुन्हापुन्हा जायचं, ठसे-विष्ठा बघायची नाहीतर कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावायचे, आणि "असणं" व "आढळणं" यांचा हिशोब वेगळा मांडायचा. याला ऑक्युपन्सी मॉडेल म्हणतात, मॅकेंझी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ते नीट मांडलं.

प्राण्याच्या गळ्यात जीपीएस कॉलर (त्याची जागा कळवत राहणारा पट्टा) असली की प्रश्न बदलतो, प्राणी कुठे गेला आणि त्याला कुठे जाता आलं असतं या दोन्हींची तुलना करतात. अकोले तालुक्यात कॉलर लावलेले बिबटे शेतात, वस्तीच्या अगदी जवळ वावरताना दिसले. तिथे नुसतं "ऊस" असा एक रकाना भरून भागत नाही, तोडणी झाली की लपायची जागाच गायब, त्यामुळे पीक कुठल्या महिन्यातलं हेही मॉडेलला सांगावं लागतं.