रुग्णचर्चा मंडळ : नियम आणि सदस्यांच्या जबाबदाऱ्या

रुग्णचर्चा मंडळ म्हणजे आपापल्या अवघड रुग्णांविषयी ठरलेल्या नियमांनी विचारविनिमय करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरांचा गट. व्याख्यानाची सभा वेगळी, संघटनेची शाखाही वेगळी. इथे समोर असतो तो चालू उपचार. ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तो माणूस त्या घटकेला कुठल्यातरी वॉर्डात पडून असतो आणि बोलण्यातून निघालेल्या एका वाक्याने त्याच्या औषधाची मात्रा बदलू शकते. रुग्णाची ओळख बाहेर जाऊ न देणे आणि रुग्णाचे पुढे काय झाले ते मंडळात परत आणून सांगणे, या दोन जबाबदाऱ्यांवर मंडळ उभे असते. पहिली बहुतेक नियमावल्यांत सापडते. दुसरी लिहायची राहून जाते, आणि मंडळे बंद पडतात ती सहसा तिच्याच अभावी.

नागपुरात या दुसऱ्या जबाबदारीला वेगळे वजन आहे. १९४७ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (लोकांच्या तोंडी ‘मेडिकल’), इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (‘मेयो’), २०१८ पासूनचे एम्स आणि धंतोली-रामदासपेठेतली खाजगी रुग्णालये यांच्याकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा, यवतमाळ या जिल्ह्यांतून रुग्ण येतात. मध्य प्रदेशातल्या शिवनी, छिंदवाडा, बालाघाटकडूनही येतात. आजाराची सुरुवात एक डॉक्टर पाहतो, शेवट दुसराच. ज्याने तालुक्याच्या गावी पहिले सलाईन लावले त्याला आपले निदान बरोबर होते की चूक हे अनेकदा कधीच कळत नाही. हा तुटलेला धागा जोडण्याची जागा म्हणून मंडळाकडे पाहावे.

कल्पना जुनी आहे. कॅनडात मॅकगिल विद्यापीठात विल्यम ऑस्लर यांनी १८७५ साली नियतकालिकांतले लेख एकत्र वाचण्याचा क्लब सुरू केला. बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रत्येक रुग्णासाठी ‘अंतिम निकाला’चे कार्ड ठेवायला घेतले. शस्त्रक्रियेनंतर किमान वर्षभर रुग्णाची विचारपूस करायची, निकाल चांगला नसेल तर का नाही तेही लिहायचे, असा त्यांचा आग्रह होता. सहकाऱ्यांना तो रुचला नाही. १९१४ साली त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले पद सोडले. रुग्णाचे पुढे काय झाले ते जिच्यात लिहायचे त्या मंडळाच्या निकालवहीचे मूळ त्यांच्या कार्डात आहे.

कायद्याची चौकट : मंडळाला स्वतंत्र कायदा नाही. सदस्यांवर बंधन असते ते भारतीय वैद्यक परिषदेच्या व्यावसायिक वर्तन, शिष्टाचार व नीतिविषयक २००२ च्या विनियमांचे. (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे विनियम काढले, पण त्याच महिन्यात स्थगित केले आणि २००२ चेच पुन्हा लागू झाले.) त्यांतले ७.१४ वे कलम रुग्णाची गुपिते उघड करण्यास मनाई करते. न्यायाधीशाचा आदेश, एखाद्या व्यक्तीला वा समाजाला असलेला गंभीर धोका आणि कळवणे बंधनकारक असलेले रोग, एवढेच त्याचे अपवाद. ७.१७ व्या कलमानुसार ओळख पटेल अशा रीतीने छायाचित्र किंवा रुग्णवृत्त प्रसिद्ध करायचे तर रुग्णाची परवानगी लागते. ४.२ वे कलम विचारविनिमयातल्या वर्तनाविषयी आहे. मत्सर आणि चढाओढ तिथे नको, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरवरचा रुग्णाचा विश्वास डळमळेल असे एक वाक्यही नको.

सल्ल्याची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांत नि:संदिग्ध आहे. दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेणारा डॉक्टरच ‘उपचार करणारा’ राहतो, आणि रुग्णाला जे सांगितले व दिले त्याची जबाबदारी त्याचीच असते. तेव्हा ‘मंडळात सगळ्यांनी सांगितले म्हणून दिले’ हे केसपेपरवर लिहिण्याजोगे कारण नव्हे. सहकाऱ्यांशी चर्चा केल्याची तारीखवार नोंद करावी आणि त्याखाली आपला निर्णय, आपल्या कारणासह, स्वतः लिहावा.

काही बाबतींत कायदा आणखी कडक आहे. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण अधिनियम, २०१७ नुसार एखाद्याची एचआयव्ही स्थिती त्याच्या लेखी, माहितीपूर्ण संमतीवाचून सांगता येत नाही. डॉक्टराने डॉक्टरला सांगण्याची सवलत आहे, पण ती प्रत्यक्ष त्या रुग्णाच्या उपचारात सहभागी असलेल्यांपुरती. खोलीत बसलेले बाकीचे पंचवीस सदस्य तिच्यात बसत नाहीत. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख प्रसिद्ध करणे भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमाखाली गुन्हा आहे. गर्भपाताबाबत वैद्यकीय गर्भपात कायद्याचे ५-अ हे कलम, मानसिक आजाराबाबत २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाचे २३ वे कलम लागू होते. सोनोग्राफीचे चित्र दाखवताना गर्भाचे लिंग कळेल असा भाग चित्रात राहता कामा नये. चर्चा डॉक्टरांमध्येच चालली आहे म्हणून यातले काही सैल होत नाही.

आणखी एक गोष्ट नव्या सदस्याला पहिल्याच दिवशी सांगावी. वकील-अशिलाच्या संभाषणाला पुराव्याच्या कायद्यात जे संरक्षण आहे ते डॉक्टरांच्या आपसातल्या बोलण्याला नाही. मंडळाचे टिपण न्यायालय मागवू शकते. म्हणून टिपणात वैद्यकीय प्रश्न, मिळालेला सल्ला आणि निकाल एवढेच असावे. कोणी कोणावर ठपका ठेवला, याला तिथे जागा नाही.

सदस्यत्व : प्रवेशाआधी महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक आणि नूतनीकरणाची मुदत तपासावी. नूतनीकरण अडले असेल तर कारण बहुधा साधे निघते: ५ वर्षांत ३० श्रेयतासांचे निरंतर वैद्यकीय शिक्षण पुरे झालेले नसते. सदस्यसंख्या २५ ते ४० ठीक. त्याहून वाढली की लोक एकमेकांना चेहऱ्याने ओळखेनासे होतात, आणि अनोळखी माणसापुढे आपली चूक कोणी मांडत नाही. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींना प्रवेश नसावा. चहा-नाश्त्याचा खर्च वर्गणीतून निघावा. २००२ च्या विनियमांत नंतर घातलेले ६.८ वे कलम कंपन्यांकडून भेटी आणि आतिथ्य घेण्यास मनाईच करते. एखाद्या औषधावर बोलणाऱ्याचा त्या कंपनीशी व्याख्यानाचा वा संशोधनाचा संबंध असेल तर त्याने ते आधी सांगावे. ‘असा रुग्ण माझ्याकडे पाठवा’ हे वाक्य मंडळात उच्चारलेही जाऊ नये, कारण कट प्रॅक्टिसची, म्हणजे रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घेण्याची, वाट तिथूनच सुरू होते.

ओळख पुसणे : सर्वाधिक चुका इथे होतात. नाव काढले म्हणजे ओळख गेली असे धरून चालणे ही त्यांतली पहिली. ‘भामरागड तालुक्यातली १९ वर्षांची, सिकलसेल, पहिल्या बाळंतपणात झटके’ एवढे म्हटले की त्या भागात काम केलेला कोणीही डॉक्टर ती कोण ते सांगेल. आजार जितका दुर्मीळ आणि गाव जितके लहान, तितके तपशील जास्त सैल करावे लागतात. वय नेमके न देता ‘विशीच्या आत’ असे द्यावे, तालुक्याऐवजी ‘पूर्व विदर्भ’ म्हणावे, तारखांऐवजी ‘दिवस १, दिवस ४’ लिहावे. जात, जमात किंवा व्यवसाय निदानाशी संबंधित असेल तेवढाच सांगावा. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात तो संबंध असू शकतो, मोडलेल्या मनगटात नसतो. उपचारात उपयोगी पडणारा आकडा मात्र कधी धूसर करू नये.

छायाचित्रात डोळ्यांवर काळी पट्टी लावणे पुरेसे नाही. तोंडाची ठेवण, व्रण, दागिने आणि आदिवासी स्त्रियांच्या हातावरचे किंवा कपाळावरचे गोंदण यांवरून माणूस पटकन ओळखू येतो. दुखरा भागच जवळून टिपावा. एक्स-रे आणि सोनोग्राफीच्या चित्राच्या वरच्या पट्टीत नाव, क्रमांक, तारीख आणि केंद्राचे नाव छापलेले असते. स्लाइड बनवताना ती पट्टी कापली तरी कापलेला भाग अनेक वेळा फाइलमध्येच दडून राहतो, आणि मिळालेल्या स्लाइडवर ‘क्रॉप’ मागे घेतले की नाव पुन्हा दिसते. नावावर ओढलेला काळा चौकोनही तसाच बाजूला सरकवता येतो. उपाय सोपा आहे. चित्र कापून नव्या नावाने वेगळी फाइल म्हणून साठवायचे आणि स्लाइडवर तीच फाइल लावायची. सीटी-एमआरआयच्या मूळ डायकॉम फाइलच्या आत रुग्णाचे नाव-वय लिहिलेले असते, तेव्हा ती फाइल द्यायचीच नाही, हवे तेवढे चित्र काढून घ्यायचे. मोबाइलवर काढलेल्या फोटोत ठिकाणाची नोंद राहू शकते, ती बंद करावी. फाइलचे नावही बघावे. तिथे आडनाव तसेच राहिलेले सापडते.

प्रश्न मांडणे : मांडणी १० मिनिटांत व्हावी, आणि पहिल्याच वाक्यात प्रश्न यावा. ‘काय करू?’ याला उपयोगी उत्तर मिळत नाही. ‘सिकलसेलचा तरुण रुग्ण, छातीत दुखते, ऑक्सिजन उतरतोय, नवी सावली दिसते, साधे रक्त द्यावे की एक्स्चेंज ट्रान्सफ्युजन?’ असे विचारले की मिळते (एक्स्चेंज म्हणजे रुग्णाचे रक्त काढत त्याजागी दात्याचे देणे). त्यासोबत या रुग्णाचे नेहमीचे हिमोग्लोबिन किती, हे सांगितलेच पाहिजे. सिकलसेलमध्ये ते एरवीच ७ ते ९ ग्रॅम असू शकते. फक्त ‘आज ७ आहे’ म्हटले तर निम्मी खोली रक्त चढवा म्हणेल, आणि ते १० च्या वर नेले तर रक्त घट्ट होऊन अपायच होईल. मे महिन्यात उष्माघाताचा रुग्ण मांडताना तापमान काखेत घेतले की गुदमार्गातून, तेही सांगावे. काखेतला आकडा खरी तीव्रता लपवतो. फवारणीच्या विषबाधेत दुकानातले नाव पुरत नाही, डब्यावरचे रासायनिक नाव हवे. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाच्या विषबाधेला अ‍ॅट्रोपिन लागते. पॅराक्वाट या तणनाशकाच्या विषबाधेत गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला तर फुप्फुसांची हानी वाढते. नावाची गल्लत इथे जिवावर बेतते.

जीव धोक्यात असलेला रुग्ण मंडळाच्या बैठकीसाठी थांबवून ठेवू नये. त्याच्यासाठी फोन आहे, रुग्णवाहिका आहे.

उत्तर देणे : उत्तर देणाऱ्याने आपले म्हणणे कशावर आधारलेले आहे ते सांगावे: मार्गदर्शक सूचनांवर (कोणत्या वर्षाच्या?), एखाद्या अभ्यासावर, की स्वतः पाहिलेल्या चार रुग्णांवर. तिन्ही चालतात, एकमेकांत मिसळले की चालत नाहीत. मात्रा सांगताना एकक आणि वजन सांगावे. ‘अर्धी अँप्यूल’ ही मात्रा नव्हे. माहीत नसेल तर तसे म्हणावे. बोलण्याचा क्रम धाकट्यापासून ठेवावा. विभागप्रमुख सर पहिल्यांदा बोलले की निवासी डॉक्टरच्या मनातली शंका मनातच राहते, आणि रुग्णाला सर्वांत जवळून पाहिलेले असते ते त्यानेच. आधीच्या डॉक्टरच्या उपचारावर मत द्यायची वेळ आली तर त्याच्यापाशी त्या क्षणी कोणती माहिती होती आणि कोणती साधने होती, हे आधी विचारावे. ग्रामीण रुग्णालयात रात्री दोन वाजता सीटी नव्हते, ही त्याची चूक नसते.

खोलीतले बोलणे बाहेर नेण्याविषयी लंडनच्या चॅटहॅम हाउस या संस्थेचा १९२७ चा नियम बहुतेकांना पुरतो: ज्ञान वापरावे, पण कोण बोलला आणि तो कुठला, ते सांगू नये.

नियमभंग : चुकून राहिलेले नाव आणि मुद्दाम बाहेर पाठवलेले चित्र एकाच मापाने मोजू नये. पहिल्यात ते तत्काळ काढावे, ज्यांच्याकडे पोचले त्यांना पुसायला सांगावे, तसे पुसल्याचे कळवून घ्यावे आणि सदस्याशी खाजगीत बोलावे. दुसऱ्यात सदस्यत्व थांबवून तीन सदस्यांच्या समितीकडे प्रकरण द्यावे, त्याचे म्हणणे लेखी घ्यावे आणि निर्णय १५ दिवसांत द्यावा. समितीत त्याच्याच शाखेचा किंवा त्याच इमारतीत दवाखाना असलेला डॉक्टर नसावा. धंतोलीसारख्या भागात हे सांभाळायला जरा शोधाशोध करावी लागते. रुग्णाचे प्रत्यक्ष नुकसान झाले असेल तर मंडळाने ते आपसात मिटवू नये. रुग्णाला सांगण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्या डॉक्टरची आहे आणि मंडळाने त्याला तिच्यात साथ द्यावी.

निकालवही : प्रत्येक प्रश्नाला क्रमांक द्यावा. मांडणाऱ्याने १ आठवड्याने, १ महिन्याने आणि गरज असेल तर ६ महिन्यांनी त्या क्रमांकापुढे काय झाले ते लिहावे: बरा झाला, पुढे पाठवला, निदान बदलले, दगावला, संपर्क तुटला. शेवटचे दोन लिहायला हात अडखळतो, आणि बाकीच्यांना सर्वांत जास्त शिकवतात तेही तेच. रुग्ण पुढच्या रुग्णालयात गेला असेल तर तिथल्या डॉक्टरने पाठवणाऱ्याला कळवावे. २००२ च्या विनियमांनुसार केसपेपर उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे ठेवावे लागतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यावे लागतात, तेव्हा माहिती नव्हती ही सबब सहसा टिकत नाही. आधीच्या दोन प्रश्नांचे निकाल कोरे असताना तिसरा प्रश्न स्वीकारू नये, असा नियम ठेवला तर वही भरत राहते. बैठकीची पहिली १० मिनिटे नवीन रुग्णाला न देता या वहीला द्यावीत: चिटणीसाने मागच्या महिन्याचे क्रमांक वाचावेत आणि ज्याचा क्रमांक येईल त्याने जागेवरूनच एका वाक्यात निकाल सांगावा.