खुकरीचे बुडणे आणि बचावाचा वाद

आयएनएस खुकरी ही पाणबुडीविरोधी फ्रिगेट ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या हँगोर पाणबुडीने बुडवली. तिच्याबरोबर १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. स्वतंत्र भारताने युद्धात गमावलेली ही एकमेव युद्धनौका.

पाणबुडीचा माग काढण्यासाठी खुकरी आणि कृपाण या नौका मुंबईहून निघाल्या होत्या. शिकार आणि शिकारी यांची अदलाबदल झाली, कारण हँगोर फ्रेंच बनावटीची नवी पाणबुडी होती आणि या फ्रिगेटचे सोनार (ध्वनीने पाण्याखालच्या पाणबुडीचा माग काढणारे यंत्र) जुने व कमी पल्ल्याचे होते. त्यातच खुकरीवर सोनारचा पल्ला वाढवण्याचा प्रयोग चालू होता. त्यासाठी वेग कमी ठेवावा लागे आणि संथ नौका टॉर्पेडोला (पाण्याखालून येणाऱ्या स्फोटक अस्त्राला) सहज सापडते. कृपाणवर सोडलेला पहिला टॉर्पेडो फुटलाच नाही. दुसरा खुकरीला लागला. अवघ्या काही मिनिटांत नौका गेली, त्यामुळे खालच्या मजल्यांवरच्या बहुतेकांना वर येताच आले नाही. खुकरीचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपले जीवरक्षक जाकीट एका नौसैनिकाला दिले आणि ते नौकेवरच थांबले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले.

पाण्यात पडलेल्यांना उचलायला कृपाण का थांबली नाही, हा वादाचा गाभा. हँगोरने तिच्यावरही टॉर्पेडो सोडला होता. ती तेथून दूर गेली आणि दुसऱ्या दिवशी आयएनएस कच्छलसह परतली, तेव्हा ६ अधिकारी व ६१ नौसैनिक वाचवण्यात आले. त्यांनी ती रात्र उघड्या समुद्रात काढली होती. मृतांच्या घरच्यांचा संताप समजण्यासारखा आहे, पण पाणबुडी जवळ असताना थांबू नये हा नियम भेकडपणातून आलेला नाही. २२ सप्टेंबर १९१४ रोजी जर्मन पाणबुडी यू-९ ने ब्रिटिश क्रूझर अबूकिर बुडवली. तिच्या माणसांना वाचवायला थांबलेल्या हॉग आणि क्रेसी याही तिनेच बुडवल्या. तिन्ही मिळून चौदाशेहून अधिक माणसे गेली.

म्हणून कृपाणच्या कप्तानावर बोट ठेवणे सोपे असले, तरी अन्याय्य वाटते. खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे: पाणबुडीला ऐकू न शकणाऱ्या दोन फ्रिगेट तिच्या शोधात, पुरेशा हवाई साथीविना, कोणत्या हिशेबाने पाठवल्या गेल्या?