क्लोझापीन परत आलं त्याची पार्श्वभूमी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांचा विषय निघाला की आज तक्रार असते वाढलेल्या वजनाची आणि शुगरची. आधीच्या पिढीची तक्रार वेगळी होती: हात थरथरतात, मान वाकडी होते, चालताना पाय उचलत नाही. १९५० च्या दशकात आलेल्या औषधांनी भास आवरले, पण शरीर आखडून टाकलं. हा त्रास कमी करणारी ती अटिपिकल औषधं. त्यांतलं पहिलं क्लोझापीन.

युरोपात ते १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मिळू लागलं. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम घटल्या. आठ जण दगावले. कंपनीने अनेक देशांतून औषध मागे घेतलं. घबराट समजू शकते. पण काही देशांनी रक्ततपासणीच्या अटीवर ते चालूच ठेवलं होतं, म्हणजे मधला मार्ग तेव्हाही होता. हा धोका मुख्यतः पहिल्या १८ आठवड्यांत असतो आणि वेळेवर केलेल्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीत, पकडता येतो. १९८८ मध्ये अमेरिकेतला अभ्यास प्रसिद्ध झाला: इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांपैकी सहा आठवड्यांत क्लोझापीनने ३० टक्के सुधारले, जुन्या औषधाने फक्त ४ टक्के. १९८९ मध्ये तिथे दर आठवड्याच्या रक्ततपासणीसह परवानगी मिळाली. तपासणीची हीच अट १९७५ मध्ये सगळीकडे घातली असती, तर कितीतरी घरांची चौदा वर्षं वाचली असती, असं मला ठामपणे वाटतं.

पुढे रांगच लागली: रिस्पेरिडोन, ओलान्झापीन, क्वेटियापीन, अ‍ॅरिपिप्राझोल. आपल्याकडे २००५ पर्यंत औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नव्हतं, त्यामुळे देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या लवकर दुकानांत आल्या.

कौतुक फार टिकलं नाही. २००३ मध्ये अमेरिकेत या सगळ्या गोळ्यांवर मधुमेहाचा इशारा छापणं बंधनकारक झालं. २००५ च्या मोठ्या अभ्यासात एक जुनं, स्वस्त औषध बहुतेक नव्यांच्या तोडीचं निघालं. चारांपैकी जवळजवळ तिघांनी १८ महिन्यांच्या आत दिलेली गोळी सोडली होती. पुढच्या टप्प्यात, गुण न आलेल्यांमध्ये क्लोझापीनच सरस ठरलं. तरी आजही ते पुष्कळदा उशिरा सुरू होतं. दोन औषधं पुरेशा डोसात, पुरेसे आठवडे देऊनही फरक नसेल, तर घरच्यांनी त्याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारावं.