डार्क मॅटर काळं नसतं

‘डार्क मॅटर म्हणजे अवकाशात पसरलेला काळा पदार्थ आणि डार्क एनर्जी ही त्याचीच ऊर्जा’ असा मजकूर बरीच वर्षं फिरतो आहे. नावंच अशी आहेत की गैरसमज सहज व्हावा.

काळी वस्तू प्रकाश अडवते. डार्क मॅटरमधून तो आरपार जातो, फक्त गुरुत्वाकर्षणामुळे किंचित वाकतो. खरं तर ‘अदृश्य’ हे नाव जास्त शोभलं असतं.

मग ते आहे कशावरून? पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते. ३० पट दूरचा नेपच्यून जेमतेम ५.४. सूर्यापासून जितकं दूर, तितकी त्याची ओढ कमी आणि वेगही कमी; अंतराच्या वर्गमूळाच्या प्रमाणात. तीसला तीसच्या वर्गमूळाने भागून पाहा, हिशेब जुळतो. आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिकांच्या कडेचे तारे मात्र असे मंदावत नाहीत. म्हणजे एकतर न दिसणारं वस्तुमान आहे, नाहीतर गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलायला हवा. हा दुसरा पर्यायही काही शास्त्रज्ञ गांभीर्याने तपासतात, पण दीर्घिकांच्या समूहांपाशी तो अपुरा पडतो.

डार्क एनर्जीचा पुरावा निराळा. १९९८ मध्ये दूरचे सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होणारे तारे, अपेक्षेपेक्षा अंधूक, म्हणजेच अपेक्षेपेक्षा दूर आढळले. त्यावरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतोय हे कळलं. या वाढीमागच्या अज्ञात कारणाला डार्क एनर्जी म्हणतात. डार्क मॅटर खेचून धरतं. डार्क एनर्जीचा परिणाम नेमका उलटा.