बेदुआँ की मालोसेन? माँ व्हाँतूचे दोन चढ, आकडे सारखे पण घाट वेगळे

दक्षिण फ्रान्समध्ये, प्रोव्हान्सला सायकल घेऊन जायचं म्हटलं की माँ व्हाँतू येतोच. १९१० मीटर उंच, खाली द्राक्षमळे आणि त्यात हा एकटाच डोंगर. रूट बनवायला बसलं की गोंधळ सुरू होतो, कारण वर जायचे दोन मोठे रस्ते, एक बेदुआँ गावातून आणि एक मालोसेनमधून, आणि कुठलंही ॲप उघडा, दोन्ही साधारण २१ किमी, दोन्हीचा सरासरी ग्रेडियंट, म्हणजे चढाची तीव्रता, साडेसात टक्क्यांच्या आसपास, रस्त्याचा नंबरसुद्धा एकच, डी ९७४. मग लोक म्हणतात जिथे रूम स्वस्त मिळेल तिथून चढू, काय फरक पडतो. खूप पडतो, आणि शंभर किमीचा लूप, म्हणजे फिरून परत सुरुवातीलाच येणारा रूट, मारायचा असेल तर पुढचा अख्खा दिवस त्यावर ठरतो.

बेदुआँमध्ये ती सरासरीच फसवते. पहिले जवळपास ६ किमी रस्ता हलकाच चढतो, चार टक्के वगैरे, दोन्ही बाजूंना वेली, आपण मजेत मोठ्या गियरवर. मग सँ एस्तेवचं वळण येतं, रस्ता डावीकडे वळून जंगलात शिरतो आणि तिथून शाले रेनारपर्यंत (माथ्याखालचं रेस्टॉरंट) साडेनऊ किमी नऊ-दहा टक्के, मध्ये श्वास घ्यायला सपाट तुकडा नाही. म्हणजे सुरुवातीच्या सोप्या किलोमीटरांनी सरासरी खाली ओढलीये, खरा घाट नऊचाच आहे. सिंहगड मारणाऱ्यांना सांगायचं तर तिकडे ज्या अंतरात गड संपतो तेवढं चढून झाल्यावर इथे अजून बारा किमी उरतात. मला त्या जंगलातलं सगळ्यात जास्त आठवतात ते कडेचे पिवळ्या टोपीचे किलोमीटरचे दगड, एक दगड गेला की पुढचा यायला सात-आठ मिनिटं, डोळे त्याच्यावरच, आणि स्पीड इतका कमी की माश्या आरामात सोबत येतात.

मालोसेनचा स्वभाव वेगळा, तो पायऱ्यांसारखा चढतो. गावाबाहेर ग्रोझोचा झरा लागतो, मग थोडा कडक, थोडा सैल असं चालू राहतं, आणि अर्ध्याच्या पुढे एक तीनेक किमीचा पट्टा येतो जिथे दहा-बारा टक्के लागतात, तो खरंच जीव काढतो. पण त्यानंतर माँ सेराँच्या स्की स्टेशनजवळ रस्ता चक्क सैल होतो, पाय मोकळे होतात, एनर्जी जेल खाता येतं, आणि मग शेवटचे साधारण ६ किमी परत आठ टक्के. एका लयीत दळत राहणाऱ्याला बेदुआँ जमतो. ज्याला जोर लावून मग विश्रांती लागते त्याने मालोसेन घ्यावा, निदान पहिल्या वेळी तरी. गियरिंग मात्र दोन्हीकडे तेच, पुढे ३४ दाते आणि मागे किमान ३२, इथे हौस म्हणून पुढे मोठी चेनरिंग (दातांची चकती) नेऊ नका प्लीज.

ऊन आणि वारा ॲपवर दिसत नाहीत. बेदुआँची बाजू दक्षिणेची, जुलैत जंगलातसुद्धा भट्टी, आणि शाले रेनारच्या वर झाडं संपतात, नुसता पांढरा चुनखडीचा दगड. मालोसेन उत्तरेकडची, सकाळी सावली असते, पण मिस्त्राल सुटला तर तो उत्तरेचा वारा थेट अंगावर. बेदुआँकडून डोंगर आडोसा देतो, तो माथ्याजवळ जाईपर्यंतच. २०१६ मध्ये याच वाऱ्यामुळे टूर द फ्रान्सची फिनिश माथ्यावरून ६ किमी खाली शाले रेनारला आणली होती. त्याच उघड्या पट्ट्यात, माथ्याच्या साधारण दीड किमी अलीकडे ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसनचं स्मारक आहे, १३ जुलै १९६७ ला तो इथेच रेसमध्ये कोसळला आणि गेला. लोक पायरीवर बाटल्या, टोप्या ठेवून जातात. मालोसेनकडून चढून तिकडेच परत उतरलात तर हे लागतच नाही, म्हणून मला ते तसं करणं पटत नाही.

लूप मी असा सुचवेन: पहाटे मालोसेनमधून चढायचं, माथ्यावरून शाले रेनारला उतरायचं, तिथून डावीकडे सो गावाकडे, हा वर जायचा तिसरा रस्ता, सो ते माथा २६ किमीचा आणि बराच सौम्य. जुलैच्या मध्यापर्यंत गेलात तर सो गावाभोवती लॅव्हेंडर उभं असतं. सोमध्ये नीट जेवा, पाणी भरा, मग नेस्कच्या दरीचा रस्ता, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरी, गाड्या कमी, आणि बहुतेक उतारच. व्हील-सुर-ओझाँ गावावरून बेदुआँ, आणि शेवटी मादलेनची छोटी खिंड ओलांडून मालोसेन. एकूण शंभर-सव्वाशेच्या मधे. बेदुआँहून सुरू केलं तर ती खिंड वाचते, पण पहिल्या दोन तासांतच जंगल पाय खाऊन टाकतं आणि नेस्कमध्ये मान वर करून बघायची ताकद राहत नाही, ते मला जास्त लागलं. मिस्त्रालचा अंदाज असेल तर लूप दुसऱ्या दिवसावर ढकला, आणि उन्हाळा असला तरी खिशात विंडचीटर ठेवाच, घामाने भिजलेल्या जर्सीवर माथ्यावरून उतरताना दात वाजतात.