कार्यालयातील सणासुदीच्या भेटवस्तू

सणाच्या किंवा वर्षअखेरीच्या निमित्ताने सहकारी, वरिष्ठ, हाताखालचे कर्मचारी आणि बाहेरचे ग्राहक-पुरवठादार यांच्यात होणारी भेटवस्तूंची देवघेव व तिचे संकेत. घरच्या आहेराहून ही देवघेव वेगळी, कारण इथे देणाऱ्या-घेणाऱ्यांमध्ये पगार, बढती किंवा कंत्राट असते. भेट द्यावी लागते, घ्यावी लागते आणि फेडावीही लागते, हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये मांडले. कार्यालयातले बहुतेक संकेत यातल्या तिसऱ्या सक्तीतून येणारा मिंधेपणा टाळण्यासाठी आहेत.

भेट वरून खाली जावी, खालून वर नाही. एकट्याने साहेबांना दिलेली महागडी वस्तू कितीही निर्मळ मनाने दिलेली असो, पगारवाढीच्या वेळी बाकीच्यांना ती आठवतेच. द्यायचेच असेल तर सगळ्यांनी मिळून सही केलेले शुभेच्छापत्र पुरते. अमेरिकेच्या संघीय सरकारी सेवेत तर वरिष्ठाला भेट देण्यास मनाई आहे. सणासारख्या प्रसंगी १० डॉलरपर्यंतची, रोख नसलेली वस्तू हा एक अपवाद. वरिष्ठाने देताना समान दर्जाच्या सर्वांना समान मूल्याचे द्यावे. चूक बहुधा यादीत होते : यादी पगारपत्रकावरून केली की सफाई, सुरक्षा आणि इतर कंत्राटी माणसे हमखास गळतात. ती प्रवेशपासांवरून करावी आणि रात्रपाळीची व घरून काम करणारी माणसे वेगळी तपासावीत.

वर्गणी काढायची असेल तर रक्कम ऐच्छिक ठेवावी, आणि ती वरिष्ठाने गोळा करू नये. बंद पाकीट फिरवावे. कोणी किती दिले याची यादी करू नये. पैसे न देणाऱ्याचीही शुभेच्छापत्रावर सही घ्यावी.

सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून, हाती आलेल्या नावाच्या माणसाला गुप्तपणे भेट देण्याच्या प्रकारात खर्चाची कमाल मर्यादा आधी जाहीर करतात. किमान मर्यादाही सांगितलेली बरी, नाहीतर एकाला घड्याळ आणि दुसऱ्याला पेन मिळते. चार किंवा अधिक माणसांनी चिठ्ठ्या उचलल्या तर निदान एकाच्या हाती स्वतःचेच नाव येण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के असते. तसे झाले की सगळ्या चिठ्ठ्या परत टाकाव्या लागतात. त्या एकानेच बदलून घेतली, तर बदलून देणाऱ्याला गुपित कळते. त्याहून सोपे म्हणजे, सहभागी नसलेल्या कोणी नावे पिसून वर्तुळात मांडावीत आणि प्रत्येकाला पुढचे नाव कळवावे. स्वतःचे नाव येतच नाही. एकदोन जादा वस्तू हाताशी ठेवाव्यात, कारण ऐन दिवशी कोणीतरी रजेवर जातोच. सहभागाची सक्ती नको. न खेळणाऱ्याला कारणही विचारू नये.

निवडीत अंगावर वापरायच्या वस्तू टाळाव्यात : कपडे, अत्तर, दागिने. वजनकाटा किंवा व्यक्तिमत्त्व सुधारण्याचे पुस्तक हा तर टोमणाच ठरतो. घेणाऱ्याची पक्की माहिती असल्याशिवाय धार्मिक वस्तू आणि मद्य देऊ नये. खाद्यपदार्थ मूळ वेष्टनातच ठेवावेत, म्हणजे सुकामेव्याची किंवा दुधाची ॲलर्जी असणाऱ्याला घटक वाचता येतात. खास मित्राला वेगळे काही द्यायचे असेल तर ते कार्यालयाबाहेर द्यावे.

मालकाकडून मिळणाऱ्या रोख रकमेला अनेक देशांत वेतन मानून कर लागतो. ब्रिटनमध्ये ५० पौंडांपर्यंतची भेट करमुक्त आहे, पण ती रोख नसावी, करारात ठरलेली नसावी आणि कामाचे बक्षीसही नसावी.

बाहेरून येणाऱ्या भेटींबाबत अधिक सावध राहावे लागते. निविदा किंवा कराराची बोलणी चालू असताना पुरवठादाराकडून काहीही घेऊ नये. भेट घरच्या पत्त्यावर आली तर ती कार्यालयात आणून नोंदवहीत तारीख, पाठवणारा आणि अंदाजे मूल्य लिहावे. रोख आणि खरेदीची कुपने सरळ परत करावीत. परत करताना संस्थेच्या नियमाचा उल्लेख असलेले दोन ओळींचे आभारपत्र जोडावे, म्हणजे नकार वैयक्तिक वाटत नाही. नाशवंत वस्तू परत पाठवण्यात अर्थ नसतो. ती नोंद करून सगळ्यांसाठी उघडी ठेवावी आणि तसे पाठवणाऱ्याला कळवावे.